तेल कुठलं, हा प्रश्न

तेलाने त्वचेला ओलावा मिळत नाही, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. वर्गात सांगितलं, नात्यागोत्यात सांगितलं, बारशाला गेले की बाळंतिणीच्या आईलाही सांगितलं. मी रसायनशास्त्र शिकवायचे. तेल म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्लं यांचं संयुग. त्यात पाणी जवळजवळ नसतंच. जे त्याच्याजवळ नाही ते तेल त्वचेला देणार कुठून? हा युक्तिवाद मला बिनतोड वाटायचा. दिवाळीत पहाटे तिळाचं तेल चोळून घ्यावं, उटणं लावावं, ते सणाचं सुख म्हणून. त्यापलीकडे तेलाला मान द्यायची माझी तयारी नव्हती.

आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कुठे बदललं आणि कुठे जराही बदललं नाही, हे लिहून ठेवावंसं वाटतं. कारण या विषयावर एकीकडून ‘आमच्या आजीला सगळं ठाऊक होतं’ आणि दुसरीकडून ‘हे सगळं थोतांड’ असं मोठ्या आवाजात बोललं जातं, आणि त्यात बाळाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या कातडीचं काय होतं ते बघायला कुणी थांबत नाही.

मी मूळची सोलापूरची. लग्नानंतर कोलकात्याला आले आणि डमडमला, नागेरबाजारच्या एका जुन्या घरात, आमचा संसार रुजला. इथली हवा बाहेरच्यांना वाटते तशी बारमाही दमट नसते. चैत्रापासून आश्विनापर्यंत घाम वाळत नाही हे खरं. पण पौष-माघात उत्तरेचा वारा सुटला की हवा कोरडी पडते. ओठ फुटतात, पोटऱ्या ओढल्यासारख्या होतात. वर्तमानपत्रात शहराच्या तापमानाचे दोन आकडे येतात, एक आलिपूरचा आणि एक आमच्या डमडमचा. त्या आकड्यांच्या बरोबरीने थंडीची दुसरी खूण म्हणजे सरसूच्या तेलाचा वास. सकाळी नऊच्या सुमाराला गच्चीगच्चीवर गमछा गुंडाळलेली माणसं पाठ उन्हाला देऊन बसतात आणि अंगाला मोहरीचं तेल चोळतात. इथे त्याला ‘शोर्षेर तेल’ म्हणतात आणि बाळाच्या छातीपासून आजोबांच्या गुडघ्यापर्यंत सगळीकडे तेच चालतं. लहान मुलाला सर्दी झाली की त्यात लसूण आणि कालोजिरे, म्हणजे आपलं कलौंजी, घालून तेल कढवतात.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. ऐंशी ओलांडलेली. पहिल्याच हिवाळ्यात तिला खाज सुटली. नडग्यांवर पांढरट खवले दिसायला लागले, नखाने हलकं ओढलं तरी पांढरी रेघ उठायची. रात्री झोपेत ती खाजवायची आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असायचे. तिची देखभाल करायला ज्या माशी (बंगालीत मावशी) येत, त्या बारासातकडून सकाळच्या लोकलने येत आणि डमडम जंक्शनला उतरून चालत घरी पोचत. फार मायेची बाई. आईच्या नडग्या बघून त्या म्हणाल्या, “बौदी, माशीमाला शोर्षेर तेल लावते, चार दिवसांत बघा.” मला तेव्हा तेलाचा ना फायदा वाटत होता ना तोटा. म्हटलं, लावा.

वाटी गरम पाण्यात ठेवून त्या तेल कोमट करीत. लाल सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीवर चटई टाकून आईला बसवीत आणि दोन्ही तळव्यांनी पायावरून खालून वर तेल जिरवीत. आईला ऊब मिळायची, बरं वाटायचं. पण दुपारी पाय तांबूस दिसायचे आणि रात्रीची खाज कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली असायची. मी तेल बंद केलं. ग्लिसरीन असलेलं लोशन आणलं. त्याने आराम पडला, पण आई नाराज. “अंगाला तेल नाही तर आंघोळ केल्यासारखं वाटत नाही गं. सोलापूरला आपलं करडीचं तेल लावायची की मी. तवा कधी खाज आली का मला?”

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी साबण आणि कढत पाणी यांच्याबद्दल विचारलं. मग जाता जाता म्हणाले, तेल लावायला हरकत नाही. मोहरीचं नको, आणि कोरड्या अंगावर नको. माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथे. तेल निरुपयोगी असेल तर मोहरीचं नको आणि दुसरं चालेल, हा भेद कशासाठी? मालिश करणाऱ्या माशी आणि मालिशीला नाकं मुरडणारी मी, आम्ही दोघी एका गोष्टीवर एकमत होतो, की तेल ते तेल. त्या म्हणत, कुठलंही चांगलं. मी म्हणे, कुठलंही सारखंच. मग मी वाचायला घेतलं, आणि जे वाचलं त्याने तो पायाच हलला.

तेलात पाणी नाही, हे आजही खरं आहे. पण त्वचेला पाणी मुख्यतः वरून मिळत नाही. ते आतून, रक्तातून येतं, आणि सगळ्यात वरच्या थरातून सतत हवेत उडत असतं. त्या वरच्या थराची रचना समजावताना अमेरिकेतले त्वचाविज्ञान संशोधक पीटर इलायस यांनी विटांच्या भिंतीची उपमा रूढ केली: मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधली सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्लं हा चुना. चुना शाबूत असला की पाणी आत राहतं. वय झालं, साबणाने रोज घासलं, हवा कोरडी पडली, की चुना झिजतो आणि पाणी निसटतं. म्हणजे तेल पाणी देतं का, हा प्रश्नच गैरलागू होता. तेल तो चुना सांभाळतं की बिघडवतं, हे बघायला हवं होतं.

आणि इथे रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला लाज वाटावी इतकी जुनी माहिती माझ्यासमोर आली. १९२९ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेद अजिबात नसलेला आहार दिला. उंदरांच्या शेपट्या खवल्यांच्या झाल्या, कातडी सोलवटली, आणि ते अधिक पाणी पिऊ लागले. प्यायलेलं पाणी कातडीतून निसटत होतं. लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही आणि त्याच्यावाचून कातडी पाणी धरत नाही, हे त्या कामातून पुढे आलं. (त्याच १९२९ साली आमच्या कोलकात्यात गौरमोहन दत्तांनी बोरोलीन बाजारात आणलं. ती हिरवी ट्यूब इथल्या प्रत्येक घरात असते.) मेदाम्लांची नावं मी फळ्यावर कित्येकदा लिहिली होती. त्यांचा माणसाच्या नडगीशी संबंध मी कधी जोडला नव्हता.

त्याहून जास्त हलवून सोडलं ते १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका छोट्या लेखाने. ज्यांचं आतडं मेद शोषू शकत नव्हतं, अशा मोजक्या रुग्णांच्या अंगावर प्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्यफुलाचं तेल चोळलं. त्यांच्या शरीरातली लिनोलेइक आम्लाची उणीव त्वचेवाटे भरून निघाली. तेल वर नुसतं चमकत बसत नाही, त्यातलं काही आत जातं आणि कामाला लागतं, हे माझ्या जुन्या ठाम मताच्या अगदी विरुद्ध होतं. रुग्ण थोडे होते, हे मान्य. पण जे अशक्य म्हणून मी सांगत होते ते घडलेलं होतं.

मग तेलांमधला फरक मला दिसू लागला. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेइक आम्ल असतं. आईच्या करडीच्या तेलात ते त्याहूनही जास्त, साधारण सत्तर-पंच्याहत्तर टक्के. तिळात लिनोलेइक आणि ओलेइक जवळजवळ निम्मं-निम्मं. ऑलिव्हमध्ये मुख्यतः ओलेइक. खोबरेलाची तऱ्हा निराळी, त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल. आणि मोहरीत बहुतांश वाणांमध्ये इरुसिक आम्लाचा मोठा वाटा, वर तो नाकात चढणारा झणका, अलाइल आयसोथायोसायनेटचा. तो झणका त्वचेलाही झोंबतो. माशींच्या मालिशीनंतर आईचे पाय तांबूस का होत, त्याचं कारण वाटीतच होतं.

२०१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी प्रौढ स्वयंसेवकांच्या हातांवर काही आठवडे रोज ऑलिव्हच्या तेलाचे थेंब लावले. त्वचेचा वरचा थर कमकुवत झाला, सौम्य लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने थर टिकला आणि ओलावा वाढला. ओलेइक आम्ल त्या चुन्याची घट्ट रचना सैल करतं, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. ऑलिव्हच्या महागड्या बाटल्या परदेशी नातेवाइकांकडून बाळासाठी मागवणाऱ्या ओळखीच्या घरांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांना फारसं रुचलं नाही.

पण माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते डमडमहून विमानाने तासाभरावर असलेल्या ढाक्याच्या कामाने. ढाका शिशु रुग्णालयात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ४९७ बाळांवर गॅरी डार्मस्टाट आणि त्यांच्या बांगलादेशी सहकाऱ्यांनी चाचणी केली. काही बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचं तेल, काहींना पेट्रोलियम जेलीचं प्रमाण जास्त असलेलं मलम, काहींना काहीच नाही. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षात तेल लावलेल्या बाळांमध्ये रुग्णालयात होणारे संसर्ग ४१ टक्क्यांनी कमी होते. २००८ मध्ये आलेल्या हिशोबात मृत्यूही कमी आढळले, तेलाच्या गटात २६ टक्क्यांनी. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाची त्वचा पुरती बनलेली नसते. पाणी बाहेर जातं, जंतू आत येतात. त्या त्वचेला स्वयंपाकघरातलं, कुणालाही परवडणारं तेल आधार देत होतं. बाळंतिणीच्या आईला मी ज्या ठामपणाने ‘त्याने काही होत नाही’ म्हणत असे, ते वाक्य हे वाचल्यावर मला पुन्हा उच्चारता येईना.

त्याच गटाने २००२ मध्ये उंदरांच्या त्वचेवर वेगवेगळी तेलं तपासली होती. सूर्यफुलाच्या तेलाने त्वचेची डागडुजी लवकर झाली, मोहरीच्या तेलाने ती लांबली. दक्षिण आशियातल्या कोट्यवधी घरांत बाळाला मोहरीचंच तेल लागतं, हे लक्षात घेतलं की या एका वाक्याचं वजन कळतं. मोहरीचं आणखी एक भय आहे. मोहरीच्या शेतात पिवळा धोत्रा उगवतो, त्याच्या बिया मोहरीत मिसळल्या जातात, आणि ते विषारी तेल अंगाला चोळूनही माणसं आजारी पडल्याची नोंद १९८५ मध्ये भारतीय डॉक्टरांनी केली आहे. १९९८ मध्ये दिल्लीत याच भेसळीने जलशोथाची मोठी साथ आली होती, ती खाण्यातून.

आपल्या मुंबईचंही यात काम आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बाळांना खोबरेल, खनिज तेल आणि पावडर अशा तीन प्रकारे मालिश करून तुलना केली गेली. ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खोबरेलाच्या गटात अधिक वेगाने वाढलं होतं. फिलिपीन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर २०१४ मध्ये झालेल्या चाचणीतही खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं; त्वचेतून उडणारं पाणी त्याने जास्त आटोक्यात आणलं. कोकणातल्या बायकांनी हे वाचून मान डोलावली असती. त्यांच्याकडे तर टाचांच्या भेगांवर कोकमाच्या बियांचं मुठेलही असतं, थंडीत दगडासारखं घट्ट, विस्तवाजवळ धरलं की पाघळणारं. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात भेटलेल्या एका रत्नागिरीच्या बाईंनी मला त्याचा एक गोळा दिला होता. आईच्या टाचा त्याने खरोखर मऊ झाल्या.

इथवर वाचून तेलाची बाजू घेणारे खूश होतील, म्हणून पुढचंही त्याच प्रामाणिकपणाने सांगायला हवं. मँचेस्टरमध्ये ११५ सुदृढ नवजात बाळांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात ऑलिव्ह आणि सूर्यफूल दोन्ही तेलांनी त्वचेचा ओलावा वाढला. पण त्या चुन्याच्या थरांची रचना तेल न लावलेल्या बाळांइतकी नीट बसली नव्हती, सूर्यफुलाच्या गटातसुद्धा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये हजारो नवजात बाळांना मोहरीऐवजी सूर्यफुलाचं तेल देऊन पाहिलं गेलं. २०२१ च्या निष्कर्षात एकूण मृत्युदरात ठळक फरक आढळला नाही. फायद्याची खूण दिसली ती फक्त दीड किलोपर्यंत वजनाच्या बाळांत. म्हणजे पूर्ण दिवसांच्या, गुटगुटीत बाळाला तेल लावलंच पाहिजे असं विज्ञान म्हणत नाही. ज्याची त्वचा अपुरी आहे त्याला योग्य तेल मोठा आधार आहे, आणि चुकीचं तेल धोका.

आणि पाणी रोखण्याच्या एकाच कसोटीवर बघितलं तर साधी पेट्रोलियम जेली कुठल्याही वनस्पती तेलाला मागे टाकते. ‘नैसर्गिक’ या शब्दापुढे मी तेव्हाही झुकत नव्हते, आजही झुकत नाही. मोहरी नैसर्गिकच आहे, पिवळा धोत्राही. आईच्या फार फुटलेल्या जागी मी आजही रात्री पेट्रोलियम जेलीच लावते.

तिच्या बाकीच्या अंगासाठी मात्र सोलापूरहून घाण्याचं करडीचं तेल मागवायला लागले. करडीच्या तेलाने असंच होतं असं सांगणारी ढाक्यासारखी मोठी चाचणी माझ्या वाचनात नाही. मी त्यातल्या लिनोलेइक आम्लावर भिस्त ठेवून निवड केली. तेलापेक्षाही वेळ महत्त्वाची ठरली. पूर्वी आंघोळीआधी तेल लावून नंतर साबणाने ते धुऊन टाकलं जायचं. आता कोमट पाण्याची आंघोळ, साबण फक्त काखेत आणि जांघेत, अंग पंचाने टिपलं की ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात. पाणी आधी, तेल नंतर. जे पाणी त्वचेत शिरलंय ते तेलाने आत कोंडून ठेवायचं. माशींना हा क्रम पहिल्यांदा विचित्र वाटला. पण चादरीवरचे ठिपके बंद झाल्यावर त्यांनीच तो त्यांच्या बाकीच्या घरांतही नेला. मोहरीचं तेल आमच्याकडे आजही येतं. इलिश मासा त्याच्यावाचून होत नाही, आणि ते त्याच कामाला ठेवलंय.

करडीचं आणि सूर्यफुलाचं तेल लवकर खवट होतं, कारण लिनोलेइक आम्ल हवेशी पटकन संयोग पावतं. म्हणून लहान बाटली घ्यावी, उजेडात ठेवू नये, वास बदलला की अंगाला लावू नये. सूर्यफुलाच्या काही नव्या जातींचं तेल मुद्दाम जास्त ओलेइकचं बनवलेलं असतं. बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिलं असेल तर ते स्वयंपाकाला घ्या, बाळाला नको. टाळू भरताना डोक्यावर पिवळसर खपल्या दिसत असतील तर तेल थांबवा, कारण त्या खपल्यांमागच्या यीस्टला तेलातली मेदाम्लं पोसतात. त्वचा चिरली असेल, पाझरत असेल, तर घरच्या बाटल्या बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

बंगालमध्ये किंवा उत्तरेकडे नोकरी-धंद्यासाठी आलेल्या मराठी घरांना माझी विनंती आहे: शेजारची मायाळू बाई बाळाच्या अंगाला मोहरीचं तेल लावा म्हणाली, तर तिचा हात नाकारू नका, तेल बदला. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला तेल लावल्यावर, ते उठायच्या आधी, त्यांच्या पायांचे तळवे आणि फरशी दोन्ही कोरड्या फडक्याने पुसून घ्या.